उजवा पंखा

माझा साखरपुडा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. शिमगा तीन दिवसांवर आला होता. मुलीकडची माणसं ओसरीवर सुपारी कातरत बसली होती आणि आत बायका चिंचा फोडत होत्या. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, तीन वर्षांची छबू चिंचोके वेचत बायकांच्या मांड्यांवरून उड्या मारत हिंडत होती. कुणीतरी तिला जवळ ओढून गुदगुल्या केल्या. ती खदखदून हसली आणि हसता हसता एकदम गप्प झाली. तोंडातला चिंचोका आत गेला होता.

आक्कानं तिला उलटं धरून पाठीत थापट्या मारल्या. निळी पडलेली पोर पुन्हा लाल झाली आणि रडायला लागली. रडतेय म्हणजे गिळला, असं सगळ्यांनी ठरवलं. छबूचे वडील, आमचे दाजी, म्हणाले, उद्या सकाळी खाली पडेल. साखरपुडा पार पडला.

चिंचोका काही पडला नाही. चौथ्या दिवसापासून छबूच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग ताप आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बराच वेळ तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं. चिंचोका पोटात नाही, श्वासाच्या वाटेत बसलाय, असं त्यांनी सांगितलं. तो ओला होऊन फुगत चाललाय, नळी घालून तो काढणारे डॉक्टर मुंबईला आहेत, इकडे कुणी नाही. दाजींनी आगगाडीचं विचारलं. आमच्यापासून स्टेशन वीस मैलांवर, तिथून पुढे एक रात्र आणि अर्धा दिवस. डॉक्टर म्हणाले, धक्के खात एवढा वेळ ही पोर काढेल असं मी सांगणार नाही. तुम्ही तर विमानतळावर आहात, तिकडे काही होतं का बघा.

आमचं रामलिंगपूर हे एक लहानसं संस्थान होतं. राजेसाहेबांनी आपल्या छोट्या विमानासाठी गावाबाहेरच्या माळावर धावपट्टी करून घेतली होती. संस्थान गेलं, ते विमान विकलं गेलं आणि धावपट्टी तेवढी राहिली. पुढे तिथे डाकोटा नावाचं प्रवासी विमान यायला लागलं. बुधवारी आणि शनिवारी अकराच्या सुमारास पूर्वेकडून यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मुंबईला जायचं. पत्र्याची एक छपरी, बिनतारी यंत्राची एक खोली आणि तीन माणसं एवढाच आमचा विमानतळ. सबनीस साहेब वरचे. खाली आम्ही दोघे, दाजी आणि मी. दाजी तिथे आठ वर्षं होते. मला त्यांनीच दीड वर्षामागं चिकटवून घेतलं होतं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. विमान यायच्या आधी पट्टीवरची जनावरं हाकलायची. विमान उभं राहिलं की चाकांखाली लाकडी ठोकळे घालायचे, दाराला शिडी लावायची, सामान उतरवायचं आणि चढवायचं. त्यात एक जागा मात्र जोखमीची होती, आणि ती दाजींची.

डाकोटाला दोन पंखे. नाकाच्या दोन्ही अंगाला एकेक. माणसं चढायचं दार डाव्या अंगाला, शेपटीकडे. म्हणून विमान छपरीसमोर उभं राहिलं की कप्तान डावा पंखा बंद करायचे. उजवा चालूच ठेवायचे. इंजिन सुरू करून द्यायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. दोन्ही बंद केले आणि पुन्हा लागलेच नाहीत, तर विमान माळावर अडकून पडायचं. आता, फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही. कान फुटेल एवढा आवाज येतो, धोतर फडफडतं, पण पंख्याच्या जागी पलीकडचा माळ जसाच्या तसा दिसतो. म्हणून उजव्या अंगाला, पंख्यापासून वीस पावलं पुढे, लाल बावटा घेऊन एक माणूस उभा असायचा. कुणी पंख्याकडे निघालं तर त्यानं बावटा डोक्यावर आडवा हलवायचा. कप्तान लगेच इंजिन बंद करणार. आठ वर्षांत दाजींना बावटा एकदाच हलवावा लागला होता, तोही एका कुत्र्यासाठी.

मी त्या पंख्याला भ्यायचो. दाजींना ते माहीत होतं. माझं लग्न ठरल्यापासून तर त्यांना रोजचा विषयच झाला होता. ते मला नवरदेव म्हणायचे. पंख्याला एवढा भितोस, मग बायकोपुढं कसा उभा राहणार, असं चारचौघांत विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

कप्तान एक पारशी गृहस्थ होते. आम्ही त्यांना बावाजी म्हणायचो. पोट सुटलेले, तोंडाचे फटकळ, पण दाजींवर त्यांचा जीव. सामानाच्या वजनाचा कागद त्यांना नाकाजवळच्या डाव्या खिडकीतून वर द्यावा लागे. खिडकी दीड पुरुष उंच. दाजींनी त्यासाठी वेळूची एक काठी टोकाला चिरून चिमट्यासारखी केली होती. तिच्यात कागद अडकवून वर धरायचा. पेरूच्या दिवसांत कागदाबरोबर रुमालात बांधलेले दोन पेरूही वर जायचे. शनिवारी दाजींनी बावाजींना छबूचं सांगितलं. त्यांनी सबनीस साहेबांना बोलावून घेतलं. बुधवारी दोन जागा ठेवायच्या आणि मुंबईत उतरल्यावर दवाखान्याची गाडी उभी असेल, असं खिडकीतूनच ठरवून टाकलं.

शनिवार ते बुधवार आमच्या दोन्ही घरांत कुणी मोठ्यानं बोललं नाही. छबू आक्काच्या खांद्यावर उभी झोपायची. आडवी केली की गुदमरायची. शिट्टीचा आवाज बारीक होत चालला होता आणि तो बारीक होतोय म्हणजे बरं की वाईट, हे आम्हाला कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी दाजींच्या आईनं मला सिद्धोबाच्या डोंगरावर पाठवलं. म्हातारी देवाची फार. गुरवानं तीन बोटांनी अंगारा कागदात बांधून दिला आणि तीन गोष्टी बजावल्या. पुडी जमिनीवर टेकू द्यायची नाही. पोरीला बापाच्या हातून पोचली पाहिजे. आणि गावाची शीव ओलांडायच्या आत कपाळाला लागली पाहिजे, शीव ओलांडल्यावर सिद्धोबाचं काही चालत नाही. मी पुडी सदऱ्याच्या खिशात घातली आणि सायकलवरून थेट माळावर आलो.

आलो तर पट्टीवर म्हशी. धनगरवाडीच्या सात-आठ म्हशी मधोमध बसलेल्या आणि पूर्वेकडून विमानाचा आवाज. मी सायकल टाकली आणि पळत सुटलो. एक म्हैस उठायलाच तयार नव्हती. बावाजींनी माळावर दोन घिरट्या घातल्या. तिसऱ्या खेपेला पट्टी मोकळी झाली आणि विमान उतरलं. छपरीसमोर येऊन डावा पंखा थांबला तेव्हा मी धापा टाकत ठोकळे घेऊन पोचलो. बावाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला माझ्या सात पिढ्या ऐकवल्या. ते बरोबरच होतं. उशीर त्या दिवशी परवडणारा नव्हता.

दाजी आपल्या जागी, उजव्या अंगाला बावटा धरून उभे होते. डाव्या अंगाला असलेली बायको-पोर त्यांना तिथून दिसत नव्हती. निरोप त्यांनी छपरीतच घेतला होता. म्हातारीनं छबूची दृष्ट काढून आक्काला सांगितलं होतं की आता विमानात बसेपर्यंत मागं वळून बघू नकोस. मी शिडी लावली. एक माणूस उतरला, त्याच्या दोन पेट्या उतरवल्या. मग आक्का आली. हिरव्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली छबू खांद्यावर. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. कोवळ्या बरगड्या हाताखाली भात्यासारख्या हलत होत्या. आक्का चढली. वरच्या पायरीवर क्षणभर थांबून तिनं छपरीकडे पाहिलं, मग आतल्या माणसानं तिला दंडाला धरून आत घेतलं. मी वजनाचा कागद वेळूच्या चिमट्यात धरून बावाजींना दिला. शिडी काढली. दार लागलं.

तेव्हा मला खिशातली पुडी आठवली.

दारावर थाप मारता आली असती. आतल्या माणसानं दार उघडलं असतं, आक्काला बोलावलं असतं. आज कुणीही म्हणेल, तेच करायचं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. साध्या बाजाराला निघालेल्याला मारत नाहीत, मग जीव वाचवायला निघालेल्या पोरीला कशी मारायची? द्यायचं तर समोरून द्यायचं. समोर बावाजींची खिडकी होती. आणि बावाजींनी मला तिथून आत्ताच झापलं होतं.

मी वेळूची काठी घेऊन नाकापुढून लांबचा वळसा घालून दाजींकडे पळालो. आवाजात तोंड कानाला लावून बोलावं लागत होतं. मी पुडी दाखवली. दाजींनी ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानात सांगितलं, "दाजी, तुम्ही जावा. बावाजी तुमचं ऐकतील. बापाच्याच हातून पोचली पायजे."

"जागा सोडता येत न्हाई."

"बावटा मी धरतो. मी हाय की हितं."

ते हलले नाहीत. मी पुन्हा कानाला लागलो. "आत्ता उडंल विमान. शीव ओलांडली तर उपेग न्हाई, दाजी."

दाजींनी बावटा माझ्या हातात दिला. माझी मूठ दांड्यावर घट्ट बसवली आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आले नाहीत. मग पुडी काठीच्या चिमट्यात अडकवून ते मी आलो तसाच लांबचा वळसा घालून नाकापलीकडे गेले.

मला इथून विमानाचं नाक, खाली नाकाच्या पलीकडे दाजींचे पाय आणि वर आलेलं काठीचं टोक दिसत होतं. टोक खिडकीकडे चढत गेलं. चिमटा जाड कागदासाठी केलेला होता. पुडी लहान आणि गुळगुळीत. ती निसटली.

पडली ती सरळ खाली नाही. चालू पंखा समोरची हवा ओढून घेतो. पुडी नाकाखालून तिरकी होऊन उजव्या अंगाला आली, जमिनीला टेकली, पुन्हा उडाली. तिच्यामागून दाजी आले. कंबरेत वाकून, एक हात पुढे करून, कोंबडीचं पिल्लू धरायला माणूस जातो तसे. आठ वर्षं ज्यांनी लोकांना त्या जागेपासून लांब ठेवलं, त्यांची नजर जमिनीवर होती.

लाल बावटा माझ्या हातात होता. तो डोक्यावर न्यायला किती वेळ लागतो ते मी नंतर आयुष्यभर करून पाहिलं आहे. रिकाम्या हातानं, शेतात, परसात. एक म्हणायच्या आत होतं. त्या वेळी माझा हात वर गेला नाही, कारण मीही पुडीकडेच बघत होतो. ती पुन्हा जमिनीला टेकू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढचं मी सांगणार नाही. आवाज बदलला. मग बावाजींनी इंजिन बंद केलं आणि माळ इतका शांत झाला की छपरीतून म्हातारीनं विचारलेलं ऐकू आलं, काय झालं म्हणून.

बावटा मी कधी खाली टाकला, मला आठवत नाही.

पंख्याचं एक पातं वाकलं होतं. त्या विमानाला तिथून उडता येणार नव्हतं. दुसरं विमान मुंबईहून दुरुस्तीची माणसं घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, असं बिनतारीवर कळलं. बावाजी छपरीच्या पायरीवर बसले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हातांकडेच बघत होते. आक्का विमानातून उतरली. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नाकाच्या पलीकडे सतरंजी टाकली होती, तिच्याकडे ती गेली. छबूचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलं आणि उभी राहिली. रडली नाही. रडली तर पोर दचकून रडेल आणि तिचा श्वास अडकेल, हे तिला माहीत होतं.

सबनीस साहेबांनी तिला उद्याच्या विमानाचं सांगितलं. तिनं विचारलं, आज रात्रीची गाडी मिळेल का? पेठेतल्या एका व्यापाऱ्याची मोटार होती, ती त्यांनी मागवली.

म्हातारी तिच्यापुढे आडवी पडली. माझा लेक इथं असा पडलाय आणि तू त्याला टाकून चाललीस, असं म्हणाली. आणखीही पुष्कळ म्हणाली.

आक्का म्हणाली, "त्यांचं आता उरकलं, आत्याबाई. हिचं अजून न्हाई उरकलं."

मी बरोबर जायला निघालो होतो. फौजदारांनी मला अडवलं. पंचनामा व्हायचा होता, आणि दाजींना मुलगा नव्हता, भाऊ नव्हता, अग्नी मीच द्यायचा होता. शेजारची कोंडाबाई आक्काबरोबर मोटारीत बसली. मोटार माळावरून जाताना मागची धूळ खाली बसेपर्यंत मी बघत राहिलो. मोटारीतून कुणी मागे पाहिलं नाही.

छबूनं रात्र काढली. कोंडाबाईनं नंतर सांगितलं, आक्का गाडीत उभी राहून आली, बसली की धक्का जास्त लागतो म्हणून. पहाटे दौंडच्या अलीकडे शिट्टी थांबली. डब्यातल्या बाया म्हणाल्या, झोप लागली बघ पोरीला. आक्कानं कुणाला काही सांगितलं नाही. दौंड आल्यावर ती उतरली.

तिसऱ्या दिवशी सबनीस साहेबांनी माझा जबाब घेतला. खोलीत आम्ही दोघेच. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, "दौलत, बावटा कुणाच्या हातात होता?"

मी म्हणालो, दाजींच्या.

"मग ते नाकाजवळ कसे गेले?"

मी सांगितलं, जागा सोडून गेले. अंगारा मी सकाळीच त्यांना दिला होता. ते द्यायला विसरले आणि ऐनवेळी आठवला. मी डाव्या अंगाला ठोकळ्यांपाशी होतो. मला काही दिसलं नाही.

साहेबांनी टाक थांबवला. उजव्या अंगाला दुसरं कुणी नव्हतं. बावाजी डाव्या खिडकीत होते, त्यांच्या शेजारचे दुसरे कप्तान खाली मान घालून कागद भरत होते. मी म्हणेन तेच खरं होणार होतं. साहेब म्हणाले, "नीट आठव. तू जर उजवीकडे असशील तर नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. पण मेलेल्या माणसावर नियम मोडल्याचा ठपका बसला तर त्याच्या बायकोला इथून काही मिळायचं नाही. मी लिहीन ते तुझंच असेल."

माझं लग्न वैशाखात होतं. मी म्हणालो, मला आठवतंय ते सांगितलं.

त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचून दाखवलं. मी अंगठा उठवला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पुढं कुणाकुणाला हे अर्धंमुर्धं कळलं तेव्हा ते म्हणाले, अडाणी माणसाला साहेबानं फसवलं. तसं नाही. मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

आक्का परत आली ती मुकी झाल्यासारखीच. म्हातारीनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. बाराव्याच्या आदल्या दिवशी ती परसात भांडी घासत होती. मी विहिरीवरून पाणी आणलं. ती राखेच्या हातांनी तशीच बसून राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "दौलू, मी मागं वळून बघितलं रे."

मला कळेना.

"शिडीवर. आत्याबाईंनी सांगितलं होतं बघू नको म्हणून. मला वाटलं, एकदा छपरीकडं बघावं, तिथं असतील. न्हवते. पण मी बघितलं. म्हणून त्यांना बुद्धी झाली जागा सोडायची. आठ वर्षांत कधी झाली न्हवती. माझ्यामुळं गेले दोघं."

हे बोलताना तिच्या तोंडावर शंका नव्हती. हिशेब संपलेल्या माणसासारखी ती बोलली. मी घागर घेऊन उभा होतो. मी म्हणालो, असं काही नसतं आक्का. एवढंच म्हणालो. घागर आत नेऊन ठेवली.

माझं लग्न झालं. मला तीन मुलं झाली, ती आक्कानंच वाढवली. माझी बायको म्हणायची, नणंद कसली, सासू मिळाली मला, तीही न बोलणारी. आक्का कुणाला निरोप द्यायला दारापर्यंत जायची नाही. आमच्या मुली सासरी निघाल्या तेव्हा ती आत चुलीपाशी पाठ करून बसली. बाजाराला निघाली तर मान ताठ ठेवून जायची, पोरं मागून चेष्टेनं हाका मारायची, तिनं कधी वळून पाहिलं नाही. मान आखडल्यासारखी झाली होती तिची. बघणाऱ्याला वाटायचं, हिला संधिवात आहे.

मी विमानतळावरच राहिलो. उजव्या अंगाची जागा मला दिली. ती मी सोळा वर्षं धरली. डाकोटा बंद झालं, मोठी विमानं आली, त्यांना आमची पट्टी पुरेना. चौऱ्याहत्तर साली विमान यायचं थांबलं. मग सबंध माळावर पुन्हा म्हशी.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. मी पंचावन्नचा होतो. नातवानं चिडवलं म्हणून गेलो. आठ महिन्यांत वाचायला लागलो. ट्रंकेत जबाबाची नक्कल होती, कार्बनची, निळी पडलेली. जबाब घेतला त्याच दिवशी साहेबांनी मला दिली होती. ती मी काढून उजेडात बसून वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर. त्यात मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं होतं. एक शब्द कुणी इकडचा तिकडे केलेला नव्हता. खाली माझा अंगठा.

पुढच्या वर्षी आषाढात आक्का अंथरुणाला खिळली. मी ठरवलं की सांगायचं. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "आक्का, दाजींचं ते झालं ना, ते तुझ्या बघण्यानं न्हाई झालं."

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय तू असं म्हणणार. चौतीस वर्षं तू माझं मन राखत आलास."

"तसं न्हवं. ऐक तर माझं."

"तू ऐक." तिनं माझा हात धरला. तिची बोटं काटकीसारखी झाली होती. "माझ्याकडनं झालं म्हणून मी जगले बघ. दुसऱ्या कुणाकडनं झालं असतं ना दौलू, तर मी त्याला जगू दिलं नसतं. रोज उठून त्याच्या दारात बसले असते. त्याच्या पोराबाळांना शाप दिले असते. आपलंच पाप आपल्याला सोसतं."

बाहेर अंगणात माझी नात दुसऱ्या पोरींबरोबर फुगड्या घालत होती. आक्कानं तिकडे कान दिला आणि विचारलं, पोरीनं दूध घेतलं का.

मी म्हणालो, घेतलं.

दाजी, म्हणजे हिंदुराव ज्ञानू पोवार, बारा मार्च एकोणीसशे अठ्ठावन्न रोजी बुधवारी, सव्वाअकराच्या सुमारास रामलिंगपूरच्या माळावर गेले. वय चौतीस. त्यांची मुलगी छबू दुसऱ्या दिवशी पहाटे आगगाडीत गेली. माझी बहीण अनुसया हिंदुराव पोवार एकोणीसशे ब्याण्णव साली, नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरात वारली. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं.